नंतर करतो

दिवसभरात माझ्या तोंडी सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द कोणता असेल, याचा परवा सहज विचार करत होतो. आधी वाटलं "ओके" असेल. नाहीतर "चेक करून सांगतो". पण नाही, प्रामाणिकपणे मोजलं तर पहिला नंबर "नंतर" या शब्दाचा लागेल.

दाताची दाढ नंतर. गावाकडच्या मित्राच्या बाळाला बघायला जाणं नंतर. दोन वर्षांपूर्वी घेतलेले ट्रेकिंगचे बूट घालणं नंतर. आणि रोज रात्री नऊच्या सुमाराला, "अण्णा, कॉलवर आहे, नंतर करतो."

अण्णा म्हणजे माझे वडील. इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये तीस-बत्तीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन सपोर्ट, तोही चोवीस तास आणि ऑन-कॉल अलाउन्सशिवाय! मी पुण्याला आल्यापासून त्यांचा रोज नऊला फोन यायचा. संवाद ठरलेला.

"जेवलास काय?"
"हो."
"पाऊस हाय काय तिकडं?"
"आहे थोडा."
"कामात हैस?"
"हो अण्णा, नंतर करतो."

एकूण वेळ चाळीस सेकंद. "नंतर" काही यायचं नाही. दुसऱ्या दिवशी नऊला पुन्हा त्यांचाच फोन.

मागच्या दोन वर्षांत अण्णांचं ऐकणं कमी होत गेलं. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात काढल्यावर दुसरं काय होणार. आधी "आँ? काय म्हणालास?" वाढलं. मग ते फोन आईकडे द्यायला लागले. आणि गेल्या दिवाळीनंतर त्यांनी फोन करणंच बंद केलं. समोर बसून मोठ्यानं बोललं तर कळतं, फोनवर नुसती खरखर ऐकू येते म्हणतात.

आमच्याकडे बॅकलॉगमध्ये फार दिवस पडून राहिलेलं तिकीट कधीकधी आपोआप बंद होतं. कुणी काम केलेलं नसतं, फक्त मुदत संपलेली असते. तसं झालं. माझं "नंतर" माझ्या न कळत क्लोज झालं.

तर मंडळी, ही झाली पार्श्वभूमी. आता मुद्द्यावर येतो.

ऑफिसातल्या एका मित्रानं मला एक पुस्तक दिलं. "द करेज टू बी डिसलाइक्ड". इचिरो किशिमी आणि फुमिताके कोगा या दोघा जपानी लेखकांचं. मूळ जपानी पुस्तक २०१३ चं. एक चिडका तरुण आणि एक शांत तत्त्वज्ञ पाच रात्री वाद घालतात, एवढीच गोष्ट. विमानतळावरच्या दुकानात रचून ठेवलेली सेल्फ-हेल्प पुस्तकं बघितली की माझ्या कपाळावर आठी येते, पण हे मात्र वाचून काढलं. कारण त्यातला तरुण अगदी माझ्यासारखी कारणं देत होता.

पुस्तकाच्या मागे उभा आहे तो आल्फ्रेड ॲडलर. जन्म १८७०, व्हिएन्नाजवळ. लहानपणी मुडदूस झालेला, त्यामुळे चालायला उशीर. पुढे न्यूमोनिया झाला तेव्हा डॉक्टरांनी आशा सोडली होती. पोरगा जगला आणि आपणच डॉक्टर व्हायचं त्यानं ठरवलं. १९०२ पासून तो फ्रॉइडच्या बुधवारच्या बैठकीत जायला लागला, पण १९११ मध्ये मतभेद होऊन बाहेर पडला. "न्यूनगंड" हा शब्द आज आपण चहाच्या टपरीवरसुद्धा वापरतो, तो रूढ होण्यात या माणसाचा मोठा हात.

फ्रॉइड आणि ॲडलर यांचं भांडण मला माझ्या धंद्याच्या भाषेत असं समजलं. सर्व्हर कोसळला की आपण रूट कॉज ॲनालिसिस करतो. लॉग उघडायचे आणि मागे मागे जायचं. हे का झालं? ते का झालं? फ्रॉइडची वाट साधारण तशी, आजच्या त्रासाचं मूळ कालच्यात शोधायचं. ॲडलर मात्र वेगळाच प्रश्न विचारतो. हे आहे, ते ठीक. पण हे कशासाठी आहे? याचा आत्ता उपयोग काय होतोय? जुन्या कोडमध्ये एखादं विचित्र फंक्शन दिसतं, कुणी लिहिलं ते माहीत नसतं. पण ते काढून टाकलं की काय मोडतं ते बघितलं, तर ते कशासाठी होतं हे लगेच कळतं. तसं.

ॲडलरचा एक प्रसिद्ध प्रश्नही याच जातीचा. तो पेशंटला साधारण असं विचारायचा, की समजा मी तुम्हाला आत्ताच्या आत्ता बरं केलं, तर तुम्ही काय कराल? पेशंट म्हणणार, "मग मी लग्न करीन" किंवा "मग मी कामावर जाईन". म्हणजे आजार कशापासून वाचवतोय ते त्याच्याच तोंडून बाहेर आलं.

मी हा प्रश्न स्वतःला विचारला. समजा उद्यापासून मला भरपूर वेळ मिळाला, तर मी काय करीन? उत्तर तयार होतं: अण्णांशी निवांत बोलीन.

आणि तिथेच पकडलो गेलो. कारण भरपूर वेळ मला एकदा मिळाला होता!

तीन वर्षांपूर्वी माझा प्रोजेक्ट बंद झाला आणि मी तीन महिने बेंचवर होतो. आयटीत नसलेल्यांसाठी सांगतो, बेंच म्हणजे पगार चालू पण काम नाही, आणि दर सोमवारी वाटतं की आज एचआरचा फोन येणार. दिवसभर खोलीत बसून मी मुलाखतींची तयारी करत होतो आणि वेब सिरीज बघत होतो. रात्री नऊला अण्णांचा फोन आला की तरीही तेच. "अण्णा, कॉलवर आहे, नंतर करतो." कसला कॉल? पंखा फिरत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो.

म्हणजे वेळ नाही हे कारण नव्हतंच, ते हत्यार होतं. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी अण्णांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. सगळ्या गल्लीला त्यांनी "पोरगा मोठ्या कंपनीत हाय" असं सांगितलेलं. आणखी दोन मिनिटं बोललो असतो तर त्यांनी विचारलं असतं, "काम कसं चाललंय?" मग एकतर खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर खरं. दोन्ही नको होतं. म्हणून मी बिझी होतो. आयुष्याशी मारायच्या अशा थापांना ॲडलरकडे एक शब्दच आहे, "जीवनातलं असत्य". आपण कामाच्या नावाखाली जगायचं टाळतो आणि वर दमल्याचं भांडवल करतो.

आता कुणी म्हणेल, यात "वर्तमानात जगा" कुठे आलं? तेच सांगतोय.

वर्तमानात जगणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मांडी घालून बसलेला माणूस, मिटलेले डोळे, श्वासावर लक्ष, आणि तीस दिवसांचं फ्री ट्रायल असलेलं ॲप. माझी त्याला ना नाही. पण ॲडलरच्या वाटेनं गेलं तर वर्तमान म्हणजे डोळे मिटणं नाही, उघडणं आहे. आपण दोन खोल्यांमध्ये लपून बसतो. एका खोलीचं नाव "माझ्याबाबतीत असं झालं म्हणून" आणि दुसरीचं "एकदा अमुक झालं की". या दोन्ही खोल्यांतून बाहेर आलं की जी जागा उरते, ते वर्तमान.

पहिल्या खोलीबद्दल ॲडलरनं स्वतःचाच एक किस्सा सांगितलाय, तो मला फार आवडतो. शाळेत जाताना वाटेत स्मशान लागायचं, इतर मुलं सहज जायची आणि त्याला भीती वाटायची. एके दिवशी त्यानं ठरवलं, दप्तर कुंपणाला अडकवलं आणि भीती जाईपर्यंत त्या स्मशानातून पळत पळत येरझारा घातल्या. पुढे पस्तिशीत त्याला एक जुना वर्गमित्र भेटला. ॲडलरनं विचारलं, ते स्मशान आहे का रे अजून? मित्र म्हणाला, कुठलं स्मशान? तिथे कधी स्मशान नव्हतंच! इतर मित्रांनीही तेच सांगितलं.

मग आठवण आली कुठून? ॲडलरच्या मते आपण आठवणी नुसत्या साठवत नाही, आज ज्या उपयोगी पडतात त्या निवडतो. त्याला भीतीवर मात करणारा मुलगा व्हायचं होतं, म्हणून त्याच्या मनानं तशी आठवण तयार ठेवली. म्हणजे भूतकाळाची लॉग फाईलसुद्धा रीड-ओन्ली नाही. ती आपण आज, आत्ता, आपल्या सोयीनं एडिट करतोय.

"अण्णांना कुठे वेळ होता माझ्यासाठी? लहानपणी ते कायम शेडमध्येच असायचे," ही आठवण मी वर्षानुवर्षं जपून ठेवली होती. ती खोटी नाही. पण सायकलच्या नळीवर बसवून ते मला शेडमध्ये घेऊन जायचे, रिकाम्या कांड्या खेळायला द्यायचे, तेही खरंच होतं की. मी पहिलीच निवडली, कारण फोन न करणाऱ्या मुलाला ती सोयीची होती.

दुसरी खोली तर आपल्या पिढीचं राहतं घर आहे. एकदा बारावी झाली की. एकदा कॅम्पस लागलं की. एकदा ऑनसाईट मिळालं की. एकदा फ्लॅटचं पझेशन मिळालं की. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून आपण एकदा वाकडचा पूल पार झाला की सुटलो म्हणतो आणि पुलापलीकडे पुन्हा ट्रॅफिकच असतो.

इथे किशिमी ॲरिस्टॉटलला मदतीला घेतो. ॲरिस्टॉटल दोन प्रकारच्या क्रियांमध्ये फरक करतो. एक "किनेसिस", म्हणजे शेवटाला पोचेपर्यंत अपुरी असणारी क्रिया. घर बांधणं घ्या. भिंती झाल्या पण छप्पर नाही, तर घर झालं नाही. दुसरी "एनर्जेइया", म्हणजे करताकरताच पूर्ण असणारी. बघणं घ्या. बघतोय म्हणजे बघितलंच, अर्धवट बघणं असं काही नसतं. किशिमीचं म्हणणं, आयुष्य दुसऱ्या प्रकारचं आहे. ती एक सलग रेघ नाही, क्षणांचे ठिपके आहेत.

आपल्याला हे समजायला ग्रीसला जायची गरज नाही म्हणा. पंढरपूरला नुसतं पोचायचंच असेल तर एसटी आहे. तरी लाखो लोक आळंदीहून अठरा-वीस दिवस चालत जातात. वाटेतलं एक रिंगण, एक मुक्काम, एका अनोळखी घरातली भाकरी, यातलं काहीच "अजून पोचायचंय" म्हणून अपुरं नसतं.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वर्तमानाचं हे तत्त्वज्ञान जितकं किशिमीचं आहे तितकं थेट ॲडलरचं नाही. उलट ॲडलर तर म्हणतो, माणूस कायम कुठल्यातरी ध्येयाकडे ओढलेला असतो. मग ध्येय हवं की वर्तमान? मी बरेच दिवस यावर अडलो होतो. मला लागलेलं उत्तर असं: ध्येय उद्यात नसतंच, ते आत्ताच्या कृतीतच असतं. "मला वडिलांशी जवळीक हवी आहे" हे माझं ध्येय असेल तर ते नऊ वाजताच्या फोनमध्ये दिसायला हवं. तिथे दिसत नसेल तर माझं खरं ध्येय वेगळं आहे. माझं होतं: स्वतःची इभ्रत वाचवणं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हे सगळं पोट भरलेल्यांचं नाही का? ज्याला उद्या लेऑफची भीती आहे, डोक्यावर होम लोन आहे, त्याला "तुझ्या मनात आहे सगळं" म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. आक्षेप बरोबर आहे आणि पुस्तकातलं "आघात असा नसतोच" वगैरे टोकाचं बोलणं मलाही पटत नाही. खरोखर हादरलेल्या माणसाला आधाराची आणि उपचारांची गरज असते, वादविवादाची नाही.

पण मूळ ॲडलर असा कोरडा नव्हता. त्याचं अगदी सुरुवातीचं छोटेखानी पुस्तक आलं १८९८ मध्ये, आणि विषय काय, तर शिंप्यांचं आरोग्य! वाकून बसणं, कोंदट जागा, कामाचे लांब तास, यांनी शिंप्यांची शरीरं कशी खराब होतात आणि त्यासाठी व्यवस्था कशी बदलायला हवी, हे त्यात आहे. म्हणजे परिस्थितीचा मार त्याला पुरेपूर माहीत होता. मागांच्या आवाजानं अण्णांचे कान गेले, तो त्यांच्या "दृष्टिकोनाचा प्रश्न" नाही. फरक एवढाच, की कान गेले ही परिस्थिती. मी फोन घेतला नाही ही निवड. मी दोन्ही एका गाठोड्यात बांधून "काय करणार, नशीब" म्हणत होतो.

आणि तिसरी गोष्ट, जी पुस्तक वाचलेले माझे बरेच मित्र चुकीची घेतात. पुस्तकात "कामांची फारकत" असा एक विचार आहे. हे कुणाचं काम, तुझं की माझं, ते ओळख आणि दुसऱ्याच्या कामात लुडबुड करू नको. आमच्या मंडळींनी त्याचा सोयीस्कर अर्थ लावला, की "घरच्यांना वाईट वाटतंय हा त्यांचा प्रॉब्लेम". छान! ॲडलरच्या विचाराचा गाभा आहे तो समाजभावना, म्हणजे मी इतरांमधला एक आहे आणि त्यांच्या काही उपयोगी पडू शकतो, ही जाणीव. काम, मैत्री आणि प्रेम ही आयुष्याची तीन कामं तो मांडतो आणि तिन्हींत समोर दुसरा माणूस आहे. एकट्यानं वर्तमानात जगायचा कोर्स त्याच्याकडे नाहीच.

अण्णा कानाचं मशीन लावायला तयार नाहीत. "त्यात नुसता गोंगाट येतो" म्हणतात. आधी मी दर भेटीला यावरून भांडायचो. आता डॉक्टरांकडे घेऊन जाणं आणि दोन-तीन मशीनं दाखवणं हे माझं काम, ते केलं. लावायचं की नाही ते त्यांचं काम. भांडण थांबल्यावर उरलेला वेळ बोलण्यासाठी मोकळा झाला, हा साधा हिशोब मला आधी कळला नव्हता.

ॲडलर १९३७ मध्ये गेला. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना २८ मे च्या सकाळी फिरायला बाहेर पडला आणि रस्त्यातच कोसळला. त्याची मोठी मुलगी व्हॅलेंटाईन तेव्हा सोव्हिएत रशियात होती. तिला अटक झाली होती. तिची काहीच खबर लागत नव्हती आणि तो त्या काळजीत होता. ती पुढे तिकडच्या छावणीतच वारली. माणसांना समजून घेण्यात आयुष्य घालवलेल्या या बापाला स्वतःच्या मुलीशी एक शब्द बोलता येत नव्हता. तिथे त्याच्या हातात काही नव्हतं. माझ्या हातात रोज रात्री नऊला फोन वाजत होता.

असो. उपदेश करायला मी कुणी मोठा लागून गेलो नाही. अजूनही दिवसातून दहादा "नंतर" म्हणतोच. दाढेचं काम अजून राहिलंय.

पण एक आड एक शनिवारी इचलकरंजीला जातो. मागच्या खेपेला अण्णांना बेंचचं सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, इतकं की शेजारच्या काकूंनाही कळलं असणार. अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "धा-बारा येळा शेड बंद पडली आमची. तुला कधी सांगितलं काय?" म्हणजे तेही आपली इभ्रत सांभाळतच होते! तीस वर्षं.

त्या दिवशी त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. मागांच्या आवाजात कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे शेडमध्ये माणसं ओठ वाचून आणि हातांच्या खुणांनी बोलतात. धागा तुटला, कांडी संपली, मालक आला, चहा आला, सगळ्याला खुणा. अण्णांना त्या सगळ्या अजून येतात. आईलाही थोड्या येतात, हे मला आत्ता कळलं.

आता रात्री नऊला मी व्हिडिओ कॉल लावतो. आई फोन भिंतीला टेकवून ठेवते. अण्णा चष्मा लावून स्क्रीनजवळ येतात आणि पाच बोटं जुळवून तोंडाकडे नेतात. जेवलास काय?

मी मान हलवतो. मग दोन बोटांनी धागा तुटल्याची खूण करतो, म्हणजे आज ऑफिसात काहीतरी मोडलंय. अण्णा हसतात, मूठ वळून फिरवतात. जोड, आणि माग चालू कर.

त्यांचा फोनवरचा आवाज मात्र गेला तो गेलाच. तो मला हवा होता. पण तेव्हा मी कॉलवर होतो.